काजवालीचा दोष

काजवाली कारखान्यात शर्टांना काजं करायची. बटण अडकवायची भोकं पाडणं, एवढंच काम. पण भोक केसभर सरकलं तरी शर्ट वाया, म्हणून मुकादम त्या मशीनवर दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. तिचं तोंड मात्र मशीनपेक्षा जोरात चालायचं. आणि नशीब बघा, अशा बाईच्या पोटी न बोलणारं पोर आलं. चार वर्षांचं झालं तरी तोंडातून शब्द नाही, हाक मारली तर मान वळवत नाही, नुसतं दाराची कडी वरखाली करत बसायचं. बाईला बाकी काही नको होतं. त्याने एकदा आपल्याकडे बघून "आई" म्हणावं, बस्स.

सासूचं निदान तयारच होतं. "हीच इतकी बडबडते, पोराला बोलायला जागा कुठेय?" नवरा हसला. काजवालीही हसली, कारण हसली नसती तर ते खरं वाटलं असतं.

मग पोराला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे मनाचे डॉक्टर होते. पडदे ओढलेली खोली, आरामखुर्ची, मागे बसलेला माणूस. पोराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. विचारत बसले आईला. तुमचं लहानपण कसं गेलं, तुमची आई कशी होती, स्वप्नं कसली पडतात. शेवटी म्हणाले, "हे मूल तुम्हाला हवं होतं का?"

आता कुठे काय बोलावं याचा या बाईला पाचपोच कुठला! म्हणाली, "अहो, दिवस गेले तेव्हा रडलेच मी. यांचं काम सुटलेलं. पण नंतर..."

नंतरचं ऐकायला कोण थांबतंय? डॉक्टरांना हवं ते सापडलं होतं. मनाच्या तळाशी तुम्हाला हे मूल नकोसं आहे, म्हणाले, ते त्याला कळतं आणि म्हणून त्याने तोंड मिटलंय.

"म्हणजे मी गप्प केलं त्याला?"

"जाणूनबुजून नव्हे हो."

फार उपकार केले! आईपासून तोडा, हाच उपाय ठरला. पोर संस्थेत गेलं आणि आईने लांबून, काचेआडून बघायचं असा नियम झाला. पहिल्या दिवशी ते काचेपलीकडे भिंतीवर डोकं आपटत होतं आणि नर्स तिला सांगत होती, "बघा, राग बाहेर पडतोय. चांगलं लक्षण आहे."

कारखान्यातल्या बायकांनी तिला एवढी गप्प कधी पाहिली नव्हती. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने बटणं लावणारीला विचारलं, "तू लेकराला जवळ घेतेस ना, तेव्हा नेमकं काय करतेस गं? हात कुठे ठेवतेस?" ती बाई खो खो हसली आणि दुपारभर सगळ्या जणी एकमेकींना विचारत राहिल्या, हात कुठे ठेवतेस गं? काजवालीने उत्तराची वाट पाहिली. 

वर्षं गेली. आरामखुर्चीवाले निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. त्यांनी आधी ती खुर्ची अडगळीत टाकली. "मन? मन कुणी पाहिलंय? दिसतं ते वागणं. सगळं सवयीचं असतं."

"मग माझा दोष नाही म्हणता?"

"आहे ना. रडला की उचललात, लाड करून सवय बिघडवलीत."

म्हणजे आधी माया कमी पडली होती, आता ती जास्त झाली. बाईने उभं तरी कुठे राहायचं? साहेबांनी विचारलं, "कोणता शब्द शिकवू?" तिने क्षणाचाही विचार केला नाही. म्हणाली, "आई."

मग पोराला सकाळचं उपाशी ठेवायचं, समोर बिस्किट धरायचं. ओठ हलले की तुकडा, "आ" आला की अर्धं, "आई" आलं की अख्खं. रडला तर पाठ फिरवायची. असं महिनोन् महिने चाललं आणि एक दिवस तिला बोलावणं आलं. पोर स्पष्ट म्हणालं, "आई." बाई तिथेच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

ती त्याला घरी घेऊन आली. संध्याकाळी पोर फडताळासमोर उभं राहिलं आणि म्हणालं, "आई." ती मागून धावत आली, "ओ रे राजा!" त्याने मागे पाहिलंसुद्धा नाही. शेजारणीच्या हातात पुडा दिसला तेव्हा तिच्याकडे हात करून म्हणालं, "आई, आई." मोकळ्या हाताने काजवाली समोर बसली की तो तिच्या पलीकडची भिंत बघायचा.

आधी ध्यानात आलं ते सासूच्या. "अगं, याला आई म्हणजे बिस्किट!" आणि म्हातारी खोकला लागेपर्यंत हसली.

बाई साहेबांकडे गेली. ते वैतागले. "शब्द मागितलात, शब्द दिला. अर्थाबिर्थाच्या भानगडीत आम्ही पडत नाही."

पुढे एक डॉक्टरीणबाई आल्या. फार गोड. त्यांच्याकडे दोष नाही, सवय नाही, माणूस मुळात चांगलाच. "तुम्हाला काय वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"जीव द्यावासा वाटतोय."

"तुम्हाला जीव द्यावासा वाटतोय," त्या मान हलवत म्हणाल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिचं पूर्ण ऐकून घेतलं, हे कबूल करायला हवं. पण उत्तर तुमच्याच आत आहे, असं सांगून त्यांनीही तिला रिकामीच परत पाठवली. एक ना धड, भाराभर चिंध्या.

शेवटचा डॉक्टर तिच्या पोराहून थोडाच मोठा होता. तोवर पोराला दाढी आली होती. डॉक्टरने मेंदूचे फोटो काढले, दिव्यापुढे धरले आणि हसून म्हणाला, "हे जन्मापासूनचं आहे. घडणच वेगळी. यात तुमचा काहीएक दोष नाही." आणि बाईच्या चेहऱ्यावर आनंद दिसायची वाट बघत थांबला.

"मग त्याला माझ्यापासून तोडलं ते?"

"त्या काळी शास्त्र तसं मानत होतं."

"जवळ ठेवला असता तर?"

पोरसवदा डॉक्टर अजून खोटं बोलायला शिकला नव्हता. "बरंच बरं झालं असतं," म्हणाला.

काजवालीने ते फोटो त्याच्या हातातून घेऊन टेबलावर पालथे ठेवले. मग म्हणाली, "दोष माझा होता ना डॉक्टर, तोवर मला वाटायचं, मी सुधारले की हा बोलेल. रोज सुधारत होते मी. तेवढ्यावरच जगले. आता तेही काढून घेतलंत."

डॉक्टर गडबडला. उठून तिच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मनापासून म्हणाला, "आई, शांत व्हा."

"आई म्हणू नका मला!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. आत तिचा पोरगा खिडकीच्या काचेवर बोट फिरवत होता. त्याने मान वळवली नाही.