मामांचा लेप

आमच्या मोगलाईत समुद्र नाही. पण समुद्राविषयी माझ्या मामेसासऱ्यांइतकं बोललेला माणूस मुंबईच्या बंदरातही सापडणार नाही, असं मी जबाबदारीने लिहितो. गोदावरीकाठच्या आमच्या गावात, समोर बाजरीचं खळं दिसत असताना, मामा ओसरीवर बसून भरती-ओहोटीच्या वेळा सांगत. त्या पडताळायची सोय बीड जिल्ह्यात नव्हती, याची मला फार चुटपुट लागे.

मुंबईच्या गोदीत ते जहाजांच्या बुडाला चिकटलेले कवचाचे बारके जीव खरवडायचं काम करत. पुढे जहाजांच्या बुडाला द्यायचे लेप बनवणाऱ्या एका साहेबाने त्यांना निरनिराळे लेप दिलेल्या फळ्या समुद्रात सोडून कोणत्या फळीवर ते बसत नाहीत, हे पाहायला ठेवलं. तेव्हापासून त्या जीवाविषयी मामांना भाचेजावयापेक्षा अधिक आदर. त्याचं पिल्लू मोहरीहून लहान. बुडावर मिशांनी चाचपत चालतं, जागा नापसंत पडली तर निघून जातं, पसंत पडली तर डोकं टेकवून आपल्याच डिंकाने चिकटतं, ते जन्मभरासाठी. हे सगळं मामा जेवताना सांगत, आणि ती चाल ताटाच्या काठावर बोटांनी दाखवत. तोवर भाकरी निवून जाई.

स्वतः मामा मात्र कुठेच टिकले नाहीत. मुंबई सोडली, जालना सोडलं, अंबाजोगाईच्या एका मठात होते तोही सोडला. माझ्या पत्नीच्या माहेरचं तेवढंच एक माणूस उरलेलं. त्यांनी आता आमच्याकडेच राहावं, हा तिचा ध्यास होता. आणि मामा चार दिवस झाले की निघायची भाषा करत.

त्या खेपेला त्यांना थांबायला कारण सापडलं. घाटावरच्या दगडूच्या नावेचं बूड शेवाळाने आणि गोगलगायींनी जड झालं होतं. मामांनी एका फळीला चुना, एकीला राळ, एकीला करंजाचं तेल आणि एकीला बिब्ब्याचं तेल लावून त्या नदीत सोडल्या. बिब्ब्याची तेवढी स्वच्छ राहिली. मग नाव ओढून तिच्या बुडाला बिब्बा दिला, आणि तेल उरलं म्हणून बसायच्या काठालाही. ते वाळायच्या आत बाजाराचा दिवस आला. त्या काठावर बसून गेलेला बाजार संध्याकाळी खाजवत परतला. सगळ्यांच्या मांड्यांवर बिब्बा उतला होता.

दगडू आमच्याकडे आला. बसा म्हटलं, तर उभाच राहिला. "मामा, गोगलगाय बसंना, कबूल हाय. पर आता माणूस बी बसंना."

मामांनी आत जाऊन गाठोडं बांधलं. ते बाहेर येतात तो पत्नी उंबऱ्यात बसलेली. तिने राहण्याचा आग्रह केला नाही. एवढंच विचारलं, "मामा, त्यो जीव एवढं चाचपून बघतो तरी काय?"

हा प्रश्न टाळणं मामांना शक्य नव्हतं. "लाकूड बघतो, खडबड बघतो," ते म्हणाले. "पर आधी बघतो, आपल्यातलं कुणी तिथं बसलंय का. एक बसलेला दिसला, की मग लेपाचं लई चालत न्हाई."

"मग मी बसले की हितं."

मामा गाठोड्यासकट खाली बसले.

त्यानंतर ते कुठे गेले नाहीत. गाठोडं मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. धोतर हवं असलं की गाठीखालच्या फटीतून ओढून काढत, आणि वाळलं की तिथूनच आत कोंबत.

आता मामा नाहीत. गाठोडं खुंटीवर आहे. आत काय काय आहे ते एकदा पाहून घ्यावं, असं मला अधूनमधून वाटतं. सण आला की ही गाठोडं उतरवते, वरची धूळ झटकते, आणि पुन्हा त्याच खुंटीला अडकवते.