तीनशे सतरा आणि तीनशे अठरा

माझ्या धाकट्या बहिणीवर मी जळायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं सांभाळून लिहायला नको. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. नवनगरात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, आमच्या या कानडी गावात कन्नड अशी बोलते की दुकानदारांना ती मराठी आहे हे खरंच वाटत नाही, आणि कुठंही गेली तरी पाच मिनिटांत बायका तिला 'ये गं, बस' म्हणतात. मला कुणी बस म्हणत नाही. मी आपली बसते.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात पत्रिका, गुण असलं काही बघत नाहीत, त्यामुळं लग्न जमवायचं म्हणजे सगळी भिस्त फॉर्मवर. कमरीपेठेत आमच्या समाजाचं वधू-वर केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक खोली, एक कपाट आणि कपाटात जाडजूड फायली. एक निवृत्त मास्तर ते चालवतात, त्यांना सगळे अप्पा म्हणतात. वडिलांनी आम्हा दोघींना एकाच दिवशी तिथं नेलं, एका फेरीत काम व्हावं म्हणून. थोरली म्हणून तीनशे सतरा नंबर मला मिळाला, तीनशे अठरा तिला. पुढं दर रविवारी मी तिथं फायली सांभाळायला जाऊ लागले. घरी बसून स्थळांची वाट बघण्यापेक्षा ते बरं होतं.

केंद्राची एक रीत होती. लग्न जमलं की त्या मुलीची आई पेढे घेऊन यायची, अप्पा फायलीतून फॉर्म काढून तिच्या हातात द्यायचे आणि जमलेल्यांच्या वहीत लिहायचे. तो नंबर पुन्हा दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. म्हणजे फायलीत नंबर तुटला की समजायचं, कुणाचं तरी जमलं. मला पानं उलटताना तुटलेले नंबरच आधी दिसायचे. दोनशे नव्वद गेली. तीनशे चार गेली, तिचे तर दात पुढं होते. पेढा तोंडात टाकून 'छान झालं हो' म्हणायचं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी धड बोलायचं नाही.

एका रविवारी तीन घरची माणसं फाईल बघून गेली. तिघांनीही माझं पान उलटलं आणि पुढच्या पानावर थांबली. तिसऱ्या घरच्या बाईंनी तर मलाच विचारलं, "ही कुणाची गं? चांगली दिसते पोरगी." अप्पा चहाला गेल्यावर मी तीनशे अठराचा फॉर्म काढला, पर्समध्ये घातला आणि घरी माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवला. वाईट वाटलं असं लिहायला पाहिजे, पण नाही वाटलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

त्यानंतर फाईल त्या जागी उघडायची मला भीती वाटू लागली. तीनशे दहा आलं की मी पानांचा गठ्ठाच उचलून पलीकडं टाकायचे. अशी दोन वर्षं गेली.

मधे मावशीच्या ओळखीतून तिला बेळगावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर स्वतःचं. ही नको म्हणाली. का, तर मनात नाही. मला मिरच्या झोंबल्या. इथं आमच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही आणि ही वाढलेलं ताट लोटते. माज आलाय तिला, असं मी आईला चारदा तरी ऐकवलं.

या वर्षी केंद्रात एक जुना कॉम्प्युटर आला आणि अप्पांनी सगळे फॉर्म आमच्याच गावच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून टाइप करून आणले. मग मला म्हणाले, "आता कुठले नंबर नाहीत ते काढ. वहीशी ताडून बघू. वहीतही नसेल तो फॉर्म हरवला समजायचा."

मी म्हटलं, पट्टी लावून एकेक ओळ बघते, वेळ लागेल. मनात होतं, एवढी एक ओळ बघितलीच नाही म्हणून चालेल. पण अप्पा म्हणाले, "पट्टी कशाला? तुझ्या बहिणीला बोलाव. ती पाच मिनिटांत करेल."

ती आली आणि माझ्याच खुर्चीत बसली. नंबर ओळीनं लावले. शेजारच्या रकान्यात प्रत्येक नंबरातून त्याच्या वरचा नंबर वजा केला आणि ते माउसनं खालपर्यंत ओढलं. "एक आला की सगळं ठीक. दोन आला की मधला एक नाही, तीन आला की दोन नाहीत. त्यात काय एवढं, अक्का?"

ती नंबर सांगायची, अप्पा वही बघून 'आहे' म्हणायचे. मी तिच्यामागं उभी राहून त्या एका दोनाची वाट बघत होते. तीनशे सोळा आलं. त्याच्याखाली तीनशे एकोणीस, आणि शेजारी तीन.

तीन कसा? माझा फॉर्म तर मी काढला नव्हता. बघते तर तिचा माउसही तिथंच थांबला होता.

"पुढं?" अप्पा म्हणाले.

"तीनशे सतरा, तीनशे अठरा."

त्यांनी वही चाळली. "नाहीत. कुणाचे?"

"आमचे."

"दोघींचं जमलं काय? मग पेढे कुठायत?" असं म्हणून हसत ते फाईल शोधायला कपाटाकडं गेले.

"तुझा मी काढला," ती हळूच म्हणाली.

ऐकून मला बरं वाटलं. अगदी गार वाटलं. म्हणजे ही पण माझ्यासारखीच.

"बेळगावच्यांना दिला," ती पुढं म्हणाली. "तू तापानं झोपलेलीस त्या रविवारी. म्हटलं, आधी माझ्या अक्काचं बघा. त्यांचं काही उत्तरच आलं नाही. मग मीही नको म्हटलं."

तिनं माझा फॉर्म काढला, म्हणजे तिनं फाईल त्या जागी उघडली होती.

"आणि तुझा?" मीच विचारलं.

"माझा तेव्हाच नव्हता."

फाईल कोण सांभाळतं, हे तिला सांगायला नको होतं. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"इरली बिडक्का," ती म्हणाली. राहू दे गं. आणि तिनं माउस खाली सरकवला.

ती भांडली असती तर मीही भांडले असते. लहानपणापासूनचं सगळं बाहेर काढलं असतं आणि दोघी सारख्या झालो असतो. तिनं माझी तेवढीही सोय ठेवली नाही. मला तिचा इतका राग आला की अप्पांना मी सांगितलं, तिचा घरी आहे, चुकून माझ्याकडं राहिला. माझा हरवला.

पुढच्या रविवारी मी साड्यांखालचा फॉर्म नेऊन कॉम्प्युटरवर घेतला आणि फायलीत लावला. माझ्यासाठी अप्पांनी कोरा फॉर्म काढला आणि त्यावर जुनाच नंबर घातला. मी पेन तिच्यापुढं सरकवलं आणि लिहायला ती बसली. उंची, शिक्षण, भावंडं असं भरत भरत 'स्वभाव' आला, तेव्हा तिनं मान वर केली. "काय लिहू?"

"जळकी लिही," मी म्हटलं.

ती हसली आणि हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं. पण फॉर्म कॉम्प्युटरवर घ्यायला तो माझ्याच हातात आला. तिनं 'मनमिळाऊ' लिहिलं होतं. मी ते तसंच टाइप केलं आणि वजाबाकी पुन्हा खालपर्यंत ओढली. सोळापासून एकोणीसपर्यंत सगळीकडं एकच आला. फॉर्म फायलीत लावताना मात्र मी त्या पानाशी जरा थांबले. तिचं अक्षरसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं होतं.