नव्या वस्त्यांची यादी

दुष्काळाची वर्षं होती. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसनं टँकरच्या फेऱ्या ठरवणारं सॉफ्टवेअर केलं होतं. जावा भाषेत, मीच लिहिलेलं. सर्व्हर सुरू होताना ते दोन याद्या वाचायचं: एक जुन्या वस्त्यांची, दुसरी शहर वाढत गेलं तशा बसलेल्या नव्या वस्त्यांची. एखादी यादी मिळाली नाही की ते सुरूच व्हायचं नाही, पडद्यावर नुसत्या इंग्रजी ओळी यायच्या. टँकर भरायच्या ठिकाणी एक वयस्कर कारकून बसायचे. ते वैतागून फोन करायचे. आमचे साहेब म्हणाले, लोकांना असलं काही दिसता कामा नये. मग मी चार ओळी वाढवल्या. यादी मिळाली नाही तर चूक न दाखवता गिळायची आणि पुढं जायचं. फोन बंद झाले. मला शाबासकी मिळाली.

एप्रिलात वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि नव्या वस्त्यांची यादी वाचलीच गेली नाही. पडदा नेहमीसारखाच होता. त्यावर दिसल्या तेवढ्या वस्त्यांना कारकुनांनी टँकर पाठवले. नव्या वस्त्यांत तीन दिवस पाणी गेलं नाही. चौथ्या दिवशी बिडकीनच्या रस्त्यावरल्या एका वस्तीतली माणसं भांडायला आली, तेव्हा कळलं.

मी टँकरसोबत गेलो. पहिल्याच घरात एक म्हातारी बाजेवर पडून होती. लांबच्या विहिरीवर गेली आणि पायऱ्यांवरून घसरली, खुब्याचं हाड मोडलं होतं. तिची सून पाइप धरून ड्रम भरत होती. चूक माझी आहे, असं मी तिला सांगितलं. कम्प्युटरचं तिला कितपत कळलं, माहीत नाही.

"टँकर येणार नाय, एवढं कुणी सांगितलं असतं तर मीच गेले असते विहिरीला," ती म्हणाली. "मी आपली ड्रमपाशी वाट बघत बसले, अन् सासूबाई न सांगता गेल्या."

परत येऊन मी त्या चार ओळी काढल्या आणि नव्या वस्त्यांची यादी छापून कारकुनांच्या टेबलावर ठेवली. आता यादी नसली की पडद्यावर मराठीत यायचं: 'नव्या वस्त्यांची यादी मिळाली नाही. छापील यादीवरून टँकर पाठवा आणि फोन करा.' उन्हाळाभरात ही सूचना चार-पाचदा आली. कारकून म्हणाले, आधीचंच बरं होतं. साहेब माझ्याशी तुटक वागू लागले.

म्हातारी काही उठली नाही. पावसाच्या आधीच गेली, असं टँकरच्या ड्रायव्हरनं सांगितलं. सुनेला भेटायचं म्हणून मी गाडी काढली. बिडकीनच्या रस्त्याला लागलो आणि तिथूनच माघारी वळलो.