दांडगोबाला घरी बसव

सोफ्यांना कापड चढवणाऱ्या बाईने व्हिडिओ गेम खेळू नये असं कुठे लिहिलेलं नाही, तरी ज्याला त्याला मेलं आश्चर्य. दुकानातला फोमवाला तर दर सोमवारी शिलाई मशीनपाशी येऊन विचारी, "काय मावशी, काल किती मारले?"

मावशी दातांनी दोरा तोडत म्हणत, "तुझ्यासाठी एक राखून ठेवलाय. सरक, उजेड अडवू नकोस."

खेळ मुलाचा. तो लांब नोकरीला गेला तेव्हा यंत्र टीव्हीला जोडलेलंच ठेवून गेला. बुद्धिबळासारखा चौकटींचा पट. आपली माणसं एकेक करून पुढे सरकवायची, मग शत्रूची पाळी. कुणाकडे तलवार, कुणाकडे भाला, कुणाकडे कुऱ्हाड. कुऱ्हाड भाल्याला भारी, तलवारीपुढे मात्र कच्ची. आणि आपल्यातला एखादा पडला की कायमचा गेला. तो परत हवा असेल तर सगळी लढाई पहिल्यापासून.

मावशींच्या फौजेत एकच कुऱ्हाडवाला होता. खेळातलं त्याचं नाव घ्यायला जीभ वळेना, म्हणून त्यांनी त्याला दांडगोबा करून टाकलं. हा बैलासारखा गडी. फटका बसला तर समोरचा जागच्या जागी आडवा. पण बसेल तर ना! नेम असा की समोर भिंत असती तरी चुकला असता. शिवाय चालीला मंद, त्यामुळे हा एक घाव घालीपर्यंत समोरचा दोन घालून मोकळा.

शेवटच्या लढाईपाशी मावशींचं घोडं कित्येक महिने अडलं होतं. दर रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन येई आणि पंचनामा सुरू होई.

"पुन्हा मेला ना? आई, सुरुवातीला ठीक होता तो. तेव्हा बाकीची पोरंसोरं होती, दोन फटक्यांत लोळायची. तेव्हा त्याने सगळ्यांचा मार झेलला, कबूल. पण आता ती पोरं शिकून पुढे गेली. हा आहे तिथेच आहे."

"दारं कोण फोडतं मग?"

"या लढाईत दारंच नाहीत!"

"फेकायची कुऱ्हाड आहे त्याच्याकडे. लांबून मारता येतं."

"लांबून चुकतो. जवळून चुकतो तसाच. त्याला घरी बसव आणि त्या धनुष्यवाल्या मुलीला घे. एका दिवसात संपेल खेळ."

खेळ संपेल हे मावशींना कळत होतं. त्यांना काय कळत नव्हतं? दर खेपेला तलवारवाल्यांच्या घोळक्यात दांडगोबाला त्या स्वतःच्या हाताने नेऊन उभं करत होत्या. कारण मुलगा लांब गेल्यावर, त्यांनी स्वतः खेळायला घेण्याआधी, त्याचा फोन कसा असायचा ते त्या विसरल्या नव्हत्या. जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का? बरं. ठेवतो. त्याच्याशी आणखी काय बोलावं हे त्यांना सुचत नसे, आणि त्यालाही. आता तासभर भांडण चाले. संपवायचं कशाला?

आणि खरी गोष्ट तर त्याहून अवघड होती, कुणाला सांगता न येण्यासारखी. मुलाचं इथलं ऑफिस बंद पडलं, तेव्हा तो वर्षभर घरी बसला होता. शेजारपाजारचे जिन्यात गाठून विचारत, "काय, चिरंजीव घरीच का अजून?" मावशी तोंड पाडून "हो ना" म्हणत आणि भराभरा जिने चढत. वर तो वाट बघत असे. चहा टाकलेला, टीव्हीवर खेळ लावलेला. मावशींनी दुकानातल्या उरल्यासुरल्या कापडातून शिवलेल्या सोफ्यावर तो डावीकडे, या उजवीकडे, आणि मग रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत दांडगोबाला शिव्या. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुखाचं वर्ष. पोराची नोकरी गेलेली असताना आई सुखात होती, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? नोकरी लागली तेव्हा त्यांनी साऱ्या जिन्याला पेढे वाटल्यागत बातमी वाटली, आणि तो निघाला तेव्हा "पोचल्यावर कळव" एवढंच म्हणाल्या.

त्या सोफ्याची डावी बाजू आता खड्ड्यासारखी झाली होती. फोमवाला एकदा मापाचा टेप घेऊन घरी आला होता. हाताने दाबून म्हणाला, "मावशी, फोम बसलाय इकडचा. नवीन टाकून देतो, तुमच्याकडून पैसे कोण घेतंय?"

"बसलाय तर बसू दे," मावशी म्हणाल्या. "तुला चहा हवाय की नकोय ते सांग."

त्या रविवारी मुलगा हट्टालाच पेटला. "आज फोन चालू ठेवून खेळ. मी सांगतो तशी एकेक चाल कर. पहिली गोष्ट, दांडगोबाला घरी बसव."

"नाही बसवणार."

"आई, तो काही कामाचा नाही! नुसती एक जागा अडवून बसलाय."

"घरी बसलेला माणूस जागा अडवत नसतो रे," मावशी फटकन म्हणाल्या. "जागा भरलेली असते त्याने."

बोलून गेल्या आणि जीभ चावली. मावशींना वाटलं, लाइन तुटली.

मग तो म्हणाला, "बरं. घे त्याला."

खेळ सुरू झाला. मुलाच्या चाली नेटक्या होत्या. तलवारवाले एकेक करून गारद झाले. उरला शत्रूचा राजा, हातात भाला. शेजारी दांडगोबा, अंगात धुगधुगी तेवढी उरलेली.

"राजाकडे भालाच आहे, पण त्याचं चिलखत समोरच्याचा नेम आणखी बिघडवतं," मुलगा म्हणाला. "मारू नको. मागे घे त्याला. हा चुकला तर तो मारेल."

चुकणारच होता तो. म्हणून तर मावशींनी बिनघोर बटण दाबलं.

दांडगोबाने कुऱ्हाड डोक्यावर गरगर फिरवली, आणि राजा कोसळला.

तिकडे मुलगा ओरडत होता, "आई! अगं लागला! दांडगोबाचा लागला!" इकडे पडद्यावर संगीत सुरू झालं, आणि एकेका शिपायाचं चित्र आणि खाली चार ओळी येऊ लागल्या. मावशी रिमोट मांडीवर घेऊन बघत राहिल्या. मेल्या, इतके महिने चुकलास, आजच कसा रे नेम लागला?

"संपलं की," त्या म्हणाल्या.

"हो. संपलं," मुलगा म्हणाला. त्याने फोन ठेवला.

तो आठवडा मावशींनी एका हॉटेलच्या खुर्च्यांना कापड चढवण्यात काढला. फोमवाल्याने सोमवारी विचारलं तेव्हा "सगळे मारले" म्हणाल्या.

रविवारी फोन वाजला. जेवलीस का? जेवले. गोळ्या? घेतल्या. बरं.

मावशी "ठेवतो" ऐकायला कान देऊन उभ्या राहिल्या. ते आलं नाही.

"आई, शेवटी प्रत्येकाचं पुढे काय झालं ते लिहून येतं ना? मी कधी तिथवर पोचलोच नव्हतो. दांडगोबाचं काय झालं?"

मावशी सोफ्याच्या डाव्या बाजूला, त्या खड्ड्यात जाऊन बसल्या.

"काय होणार? गावी परत गेला," त्या म्हणाल्या. "घरी बसला."

त्यानंतरही बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.