तोंडातला राजा

"थांबा आप्पा, तोंडात राजा हाय."

त्याला काहीही विचारा, आधी तो उजव्या हाताचं बोट वर करायचा. मग गालातली वस्तू जिभेनं ह्या गालातून त्या गालात सारायचा, एवढंच बोलायचा आणि पुन्हा गप्प. पाहणाऱ्याला वाटावं, पान खाल्लंय. पण पान नव्हतं. करंगळीच्या नखाएवढं जुनं चांदीचं नाणं असायचं त्या गालात, आणि नाण्यावर कुण्या राजाचं तोंड.

मी तेव्हा आमच्या उपसा सिंचन सोसायटीच्या पंपावर होतो. शाळा चौथीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात काही वाकडं दिसलं तर शिकलेल्यांनी सरळ करून घ्यावं. पाहिलंय मात्र मी सरळच.

तो जातीनं झारेकरी. सोनारांच्या दुकानापुढची माती झाडून न्यायची, लाकडी काथवटीत पाण्यानं घोळायची, माती वाहून गेली की तळाशी सोन्याचांदीचा कण उरतो, तो वेचायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. भट्टीतली राख असो, नदीचा गाळ असो, त्याच्या हाताला सगळं सारखंच. बायकोचा हात तर त्याच्याहून हलका. दोघं समोरासमोर बसून काथवट फिरवायला लागली की मी पंप विसरून बघत बसायचो.

दुष्काळ पडला. माजलगावच्या धरणाचं पाणी मागं मागं जात पार मधोमध जाऊन बसलं. आमचं बुडालेलं जुनं गाव उघडं पडलं. मारुतीचा पार, जोती, आडाचे दगड, आणि त्या सगळ्याखाली पांढरी. हजारो वर्षं माणसं राहून राहून राखेसारखी झालेली ती गावठाणाची माती. पाणी पंपापर्यंत आणायचं तर चर खोदणं भाग होतं, नाहीतर सोसायटीतला सगळा ऊस वाळला असता. सरळ रेघ पांढरीतून जात होती.

मी मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं, "पांढरीतनं चर काढू नका. ती माती उभी ऱ्हात न्हाई."

चेअरमन म्हणाले, "आप्पा, तुमी पंप बघा."

मी पंप बघितला. पोकलेन आलं आणि दोन पुरुष खोल चर पडला.

त्या चराच्या मातीत झारेकऱ्याला पहिलं नाणं घावलं. त्यानं ते डोळ्यांनी पाहिलंच नाही. आधी जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "चांदी."

"आरं थू कर बे, कुणाचं कशातलं!"

"जिभेवर ठिवल्याबिगर कळत न्हाई आप्पा."

आणि ते गालातच राहिलं. त्याचंही बरोबर होतं. हात ओले, सदऱ्याचा खिसा फाटका, आणि नाणं एवढं बारीक की बोटातून निसटलं तर धरणानंच नेलं म्हणायचं. दिवसभर जे घावेल ते गालात. संध्याकाळी घरी जाऊन फडक्यावर.

कॉलेजातले एक सर धरणातली उघडी पडलेली गावं बघत फिरायचे. त्यांनी नाणी भिंग लावून पाहिली. म्हणाले, ही दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या क्षत्रप राजांची. पण कडेनं जी अक्षरं आहेत ती ग्रीक. ठसा करणाऱ्याला ती वाचता येत नसावीत, नुसती बघून बघून काढलीत, म्हणून मोडलीत.

झारेकरी खूश झाला. "मंजी मला हाय त्येवढीच विद्या व्हती म्हणा त्याला. ग्रीक मंजी कोणतं गाव सायेब?"

"गाव नाही, देश. समुद्रापलीकडं. आणि गंमत बघा, तिथलेही लोक बाजाराला जाताना बारकी नाणी गालातच ठेवायचे."

"बघा आप्पा! तुमी मला येडा म्हणत व्हता."

सर भिंग पुसता पुसता म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या तोंडातही एक ठेवायचे."

काथवट फिरवणाऱ्या त्याच्या बायकोचा हात थांबला. मी तो थांबताना पाहिला. ती उठली आणि नवऱ्यासमोर तळवा धरून उभी राहिली. "थुका. आत्ताच्या आत्ता."

"आगं, थुकलं तर हुडकायचं कुणी?"

आम्ही हसलो. ती हसली नाही.

नाणी जमत गेली. फडक्यावर तो ती ओळीनं मांडायचा. कुणाचे गाल बसलेले, कुणाच्या गळ्याची कातडी लोंबलेली. त्याच्या मते तो एकच राजा होता, म्हातारा होत गेलेला. ओळ उलटी लावली की राजा तरणा होत यायचा. पण सगळ्यांत तरण्या नाण्यावरही मिशी होतीच, आणि तिथं ओळ अडली.

"बिनमिशीचा घावला की बास आप्पा."

"पोरसवदा राजाची नाणी कुणी पाडतं का बे?"

"मग काय मिशा घिऊनच जल्मला का त्यो?"

ह्यावर बायको म्हणायची, "एवढ्या म्हाताऱ्यांना घरात आणलंय, आता त्यांचं पोरगं बी आणा. आपल्याला तर देवानं दिलं न्हाई." हे ती हसून बोलायची. तो मात्र नाणी फडक्यात गुंडाळायचा.

तेलगावच्या सोनारानं सगळी ओळ मागितली. वितळवून वाळे करू म्हणाला. त्या दिवसांत पाण्याचं पिंपसुद्धा विकत होतं, तरी ह्यानं मान हलवली. मी विचारलं, "कावून न्हाई दिली?"

"चांदी ऱ्हाती आप्पा, पर त्वांड जातं."

पुढं चराच्या काठाला भेग पडली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्यात बिडी जाईल एवढी होती. मग माझा तळहात आडवा जायला लागला. वारं नसताना भिंतीवरून माती झरायची, कुणीतरी वरून चाळण धरावी तशी. माझा कुत्रा पंपापासून चरापर्यंत यायचा आणि भेगेच्या अलीकडं बसून राहायचा. काही केल्या पुढं पाय टाकायचा नाही. मी सोसायटीत सांगितलं. पाणी सोडलं की कुणी आत उतरणारच नाही, म्हणाले. खरंच होतं ते. चर पाण्याला भिडत आला होता, उद्या पाणी सोडायचं ठरलं होतं.

म्हणजे झारेकऱ्याच्या हातात आजचा दिवस.

सकाळीच तो खाली दिसला. भिंतीच्या पोटातून माती खरवडत होता, जिथं काळ्या राखेचा थर होता तिथं. भिंत वर पुढं आलेली आणि खाली पोकळ. मी काठावरून ओरडलो, "वर ये बे! भिंत लोंबतीय!"

त्यानं बोट वर केलं.

"राजा गेला खड्ड्यात! वर ये म्हणतो ना!"

गाल फुगलेला होता. डोळे असे काही चमकत होते की आजही समोर येतात. मुठीतली माती काथवटीत टाकून तो दोन्ही हातांनी मला खुणावत राहिला. ये, खाली ये, बघ, असं म्हणत होता की थांब म्हणत होता, कोण जाणे. मी दोर आणायला पंपाकडं वळलो. मागून आवाजसुद्धा नीट झाला नाही. पोतं टेकवल्यासारखा नुसता दबका आवाज, आणि चरातून पांढरा धुरळा वर आला. कुत्रा उठून उभा राहिला.

गावानं हातांनी माती उपसली. तो निघाला तेव्हा बसल्यासारखाच होता. जाणत्यांनी तोंडात तुळशीपत्र घालायचं म्हणून जबडा उघडू पाहिला. दातखीळ घट्ट, आणि एक गाल फुगलेला.

"उघडू नका," त्याची बायको म्हणाली. "राजा हाय त्यात."

कुणी उघडला नाही. धरणाच्या कोरड्या पात्रातच त्याला अग्नी दिला.

सावडायच्या दिवशी चर साफ होऊन पाणी सुटलं होतं. माझा पंप चालू होता. तिनं आधी फडकं सोडलं आणि सगळे म्हातारे राजे वाहत्या पाण्यात टाकले. अस्थी वेचून मडक्यात भरल्या. मग डोक्याकडची राख काथवटीत घेतली आणि चराच्या काठी बसली. भावकीतला एक जण तिला अडवायला पुढं व्हायला लागला. मी त्याचा दंड धरला.

काथवट फिरायला लागली. हात तसाच हलका. राख पाण्यावर आली, पांढरी रेघ होऊन पंपाकडं निघाली. तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा एक मणी उरला. आगीत वितळून गोल आणि गुळगुळीत झालेला. ना अक्षर, ना नाक, ना मिशी.

तिनं तो उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"वैनी," मी म्हणालो.

तिनं बोट वर केलं.