मावशीला रजा नाही

“मॅडम, सही कुठे करायची?” स्नेहाच्या भाऊजींनी मला विचारलं. अंगावर रेल्वेचा युनिफॉर्म, डोळे तांबारलेले. आमच्या झालाना भागातल्या ऑफिसात ते ड्यूटीवरून थेट आले होते, स्वतःची लेक देऊन टाकायला. हो, देऊन टाकायला!

मी इथे एचआर मॅनेजर. स्नेहा आमच्याकडे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. तिची मोठी बहीण नुकतीच आजारात वारली. मागे चार वर्षांची ईरा. भाऊजी मालगाडी चालवतात. एकदा निघाले की घरी कधी परततील याचा नेम नाही. म्हणून स्नेहा ईराला जवाहर नगरला आपल्या घरी घेऊन आली. त्यात कुणी कुणाला विचारलं नाही. सख्खी मावशी असताना पोरीचं कोण करणार, हा प्रश्न आपल्याकडे पडतो का?

आमच्या सिस्टिमला पडला. पोर स्नेहाला बाथरूमचं दारसुद्धा लावू देत नव्हती. स्नेहाने महिन्याची रजा मागितली. नाही मिळाली तर राजीनामा द्यायचा, दुसरा इलाज नव्हता. पण रजेसाठी माणूस ‘डिपेंडंट’ लागतं, म्हणजे कंपनीच्या लेखी तुमच्यावर अवलंबून असलेलं. नवरा-बायको, आईवडील, स्वतःचं मूल. भाची? नाही.

मी आमचे डायरेक्टर सक्सेना सर यांच्याकडे गेले.

“ॲडॉप्शन लीव्ह है ना? दत्तक घेऊ दे तिला. कागद आणा, रजा घ्या. सिंपल!”

“सर, मुलीचा बाप जिवंत आहे.”

“तो मैं क्या करूँ?”

तेच त्यांनी स्नेहालाही सुनावलं. तिने घरी रडत सांगितलं असणार. आणि हा भला माणूस, बायको जाऊन धड महिना नाही झाला, उठून सही करायला आला.

“स्नेहाची नोकरी जायला नको मॅडम. कागदावर तिची झाली तरी ईरा मला बाबाच म्हणेल ना?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, दत्तक काय कागदापुरतं असतं? बापाचा हक्कच संपतो! एका महिन्याच्या रजेसाठी?

मी त्यांना तसंच सरांच्या केबिनमध्ये नेलं.

“सर, हे ईराचे वडील. मुलगी द्यायला आलेत. कशासाठी द्यायची, ते तुम्हीच समजावून सांगा.”

सर खुर्चीत चुळबुळले. “अरे भैया, मतलब... बैठिए ना.”

भाऊजी उभेच. “साइन कहाँ करना है, सर?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, द्या आता उत्तर.

रजा त्याच दुपारी मंजूर झाली. ‘विशेष बाब’ म्हणून, तीही बिनपगारी. वर सगळ्या स्टाफला सरांचा मेल: आपली कंपनी माणुसकी जपते. माणुसकी म्हणे!

नातेवाइकाचं मूल सांभाळणाऱ्यांना रजा द्या, हे पॉलिसीत लिहा म्हणून मी अजून मेल पाठवून मागे लागलेय. सर म्हणतात, “देखते हैं, ऐसे केस कितने आते हैं?”

येऊ दे पुढची केस. मेल पाठवत बसणार नाही. माणूसच नेऊन केबिनमध्ये उभं करणार.