पळालेला राजपुत्र

१७ मार्च २०११. हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये मायदेशी परतण्यासाठी मी माझ्या आणि मुलीच्या बॅगा भरत होते. भूकंपाला सहा दिवस झाले तरी जमीन अजून हलत होती आणि फुटलेल्या अणुभट्टीच्या बातम्यांनी झोप उडाली होती.

शेजारचे निवृत्त जपानी शिक्षक, ज्यांना सगळे सेन्सेई म्हणत, युरोपातल्या एका राजपुत्राचं चरित्र लिहीत होते. तो एका प्रांताचा गव्हर्नर होता. लिफ्टमध्ये भेटले की घसा खाकरून, एकेक शब्द तोलत ते त्याची हकिकत पुढे नेत. प्लेगची साथ आली तेव्हा तो रयतेला सोडून पळाला, हे सांगताना "पळाला" दोनदा म्हणत. म्हणूनच आमचं जाणं मी त्यांच्यापासून लपवलं होतं.

बेल वाजली. दारात तेच. त्यांची नजर बॅगांवर गेली.

"उद्या कचऱ्याचा दिवस," ते म्हणाले. "गाडी यायच्या आधीच तुम्ही निघणार असाल. पिशवी माझ्याकडे द्या."

"सेन्सेई, आम्ही पळतोय."

"तुम्ही कुठे गव्हर्नर आहात?"

"आणि तुम्ही? तुम्ही नाही निघणार?"

"राजपुत्र अजून मरायचाय. तीन प्रकरणं राहिलीत."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही निघालो. त्यांच्या दारापुढून जाताना चाकं वाजू नयेत म्हणून मी दोन्ही बॅगा उचलून नेल्या.